अमेरिकेत साफसफाईचा व्यवसाय सुरू करताना : वर्कर्स कॉम्प विम्याचा क्लास कोड कसा ठरतो

महाराष्ट्रात हाउसकीपिंगचे कंत्राट घेणाऱ्याला ईएसआयचा हिशेब तोंडपाठ असतो. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या पगारावर मालकाने ३.२५ टक्के आणि कामगाराने ०.७५ टक्के भरायचे, आणि कामगार तळमजल्यावरची लादी पुसतो की दहाव्या मजल्यावरच्या काचा, याने त्या दरात काहीच फरक पडत नाही. अमेरिकेत येऊन ऑफिसांच्या किंवा घरांच्या साफसफाईचा व्यवसाय सुरू करणाऱ्याने ही सवय प्रथम बाजूला ठेवावी. इथे कामावर झालेल्या इजेसाठीचा विमा, म्हणजे वर्कर्स कॉम्पेन्सेशन (व्यवहारात सगळे त्याला ‘वर्कर्स कॉम्प’च म्हणतात), कामाच्या धोक्यानुसार महाग किंवा स्वस्त होतो आणि तो धोका क्लास कोडवरून, म्हणजे कामाच्या प्रकाराला दिलेल्या क्रमांकावरून, मोजला जातो. कोड चुकला तर वर्षाअखेरीस ऑडिटचे मोठे बिल तरी येते, नाही तर वर्षानुवर्षे जास्त प्रीमियम भरला जातो. म्हणून हा विषय एजंटावर सोपवून मोकळे न होता मालकाने स्वतः समजून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

पहिली पायरी : आपले राज्य काय म्हणते ते पाहणे

वर्कर्स कॉम्पचा कायदा केंद्राचा नसून राज्याचा आहे. न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात एक जरी कामगार ठेवला तरी विमा सक्तीचा आहे. जॉर्जियात ही सक्ती तीन कामगारांपासून सुरू होते, तर फ्लोरिडात बांधकाम सोडून इतर व्यवसायांना ती चार कामगारांपासून लागू होते. टेक्सासमध्ये खाजगी मालकाला हा विमा ऐच्छिक आहे, पण तो न घेतल्यास जखमी कामगार थेट दावा लावू शकतो आणि ‘कामगाराचाही निष्काळजीपणा होता’ यासारखे नेहमीचे बचाव मालकाला न्यायालयात मांडता येत नाहीत. शिवाय बहुतेक मोठे ग्राहक विम्याच्या दाखल्याशिवाय इमारतीत पाऊल ठेवू देत नाहीत, त्यामुळे ‘ऐच्छिक’ हा शब्द साफसफाईच्या धंद्यात फारसा उपयोगाचा नाही.

ओहायो, नॉर्थ डकोटा, वॉशिंग्टन आणि वायोमिंग या चार राज्यांत खाजगी कंपनीकडून हा विमा घेता येत नाही, तो राज्याच्या निधीतूनच घ्यावा लागतो. त्यांतही वॉशिंग्टनमध्ये प्रीमियम पगारावर नसून काम केलेल्या तासांवर आकारला जातो. तिथला हिशेब मुळातच वेगळा आहे, म्हणून या लेखातील गणित तिथे जसेच्या तसे वापरू नये.

बहुतेक राज्यांत क्लास कोडची व्यवस्था एनसीसीआय ही संस्था पाहते. कॅलिफोर्नियात डब्ल्यूसीआयआरबी आहे आणि न्यूयॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया यांसारख्या काही राज्यांत स्वतंत्र ब्युरो आहेत. यामुळे नवख्याचा गोंधळ होतो, कारण एकच काम नदीच्या अलीकडे एका आकड्याने ओळखले जाते आणि पलीकडे दुसऱ्या. कंत्राटदाराच्या जॅनिटोरियल, म्हणजे इमारतींच्या नेहमीच्या सफाईच्या, कामाला एनसीसीआयच्या राज्यांत ९०१४ हा कोड लागतो, त्याच कामाला कॅलिफोर्नियात ९००८ लागतो आणि पेनसिल्व्हेनियात तर कोडच तीन आकडी असतात. त्यामुळे दुसऱ्या राज्यातील मित्राने सांगितलेला कोड किंवा दर आपल्या अर्जावर लिहू नये.

दुसरी पायरी : व्यवसायाचे खरे वर्णन कागदावर उतरवणे

कोड व्यक्तीच्या हुद्द्यावरून ठरत नाही, तो मालकाच्या व्यवसायावरून ठरतो. हा या सगळ्या व्यवस्थेचा पाया आहे. एका हॉटेलच्या लॉबीत दोन माणसे शेजारी शेजारी मॉप मारत आहेत असे समजा. पहिला माणूस हॉटेलच्या पगारपत्रकावर आहे, म्हणून त्याचा पगार हॉटेल कर्मचाऱ्यांच्या ९०५२ या कोडाखाली जातो. दुसरा रात्रपाळीच्या सफाई कंत्राटदाराने पाठवलेला आहे, म्हणून त्याचा पगार ९०१४ खाली जातो. मॉप, बादली आणि ओली लादी दोघांची सारखीच, पण दर वेगळा. शाळेने स्वतः नेमलेला सफाई कामगारही शाळांच्या ९१०१ या कोडात मोडतो, तर त्याच शाळेचे कंत्राट घेतलेल्या बाहेरच्या कंपनीचा कामगार जॅनिटोरियल कोडात.

म्हणून एजंटाला फोन करण्याआधी एक पान घ्यावे आणि आपण प्रत्यक्षात कोणती कामे करतो किंवा येत्या वर्षात घेणार आहोत, ते साध्या शब्दांत लिहावे. ऑफिसे, बँका, दवाखाने किंवा देवळे यांची नेहमीची सफाई किती, घरांची सफाई किती, काचा पुसतो का आणि कुठवरच्या, शिडी किंवा लिफ्ट वापरतो का, गालिचे धुतो का, बांधकाम संपल्यावरची सफाई घेतो का, हिवाळ्यात पार्किंगमधला बर्फ काढतो का, इमारतीच्या बाहेरच्या भिंती प्रेशर वॉशरने धुतो का, हे सगळे त्यात यावे. प्रत्येक कामाखाली त्यातून अपेक्षित असलेला वार्षिक पगारखर्च लिहावा. उत्पन्नाचा आकडा इथे उपयोगाचा नाही, कारण प्रीमियम पगारावर आकारला जातो.

‘जनरल क्लीनिंग’ असे दोन शब्द लिहून मोकळे होणे सोपे असते, पण तो मोघमपणा पुढे मालकाच्याच अंगाशी येतो. अपघात झाला किंवा ऑडिटर आला की तो अर्जावरच्या दोन शब्दांवर थांबत नाही. तो आपली वेबसाइट पाहतो, बिले पाहतो, ग्राहकांचे करार पाहतो. वेबसाइटवर ‘उंच इमारतींच्या काचा’ अशी जाहिरात आणि अर्जावर ‘फक्त ऑफिस सफाई’ असे असेल, तर स्पष्टीकरण मालकालाच द्यावे लागते.

तिसरी पायरी : ९०१४, ९१७० आणि ०९१७ यांतला फरक ओळखणे

एनसीसीआयच्या राज्यांत नव्या व्यावसायिकाचा संबंध मुख्यतः या तीन कोडांशी येतो, म्हणून इथे थोडे थांबून पाहणे योग्य.

९०१४ हा कंत्राटदाराने केलेल्या जॅनिटोरियल कामाचा कोड आहे आणि त्याच्या शीर्षकातच ‘जमिनीच्या पातळीच्या वरच्या काचा न पुसणारे’ अशी अट आहे. ऑफिसातील कचरा काढणे, लादी पुसणे, व्हॅक्यूम मारणे, स्वच्छतागृहे धुणे, लादीला मेण लावून पॉलिश करणे ही नेहमीची कामे यात येतात. शीर्षकाच्या शेवटी ‘आणि ड्रायव्हर’ असे शब्द आहेत. त्यांचा अर्थ असा की कामगारांना आणि यंत्रांना एका जागेहून दुसरीकडे नेणारा गाडीचालक याच कोडात धरला जातो, त्याच्यासाठी वेगळा कोड मागता येत नाही.

९१७० हाही कंत्राटदाराच्या जॅनिटोरियल कामाचाच कोड आहे, फक्त त्याच्या शीर्षकात ‘जमिनीच्या पातळीच्या वरच्या काचा पुसण्यासह’ असे म्हटले आहे. हे शीर्षक नीट वाचावे. ते केवळ काच पुसणाऱ्या माणसाचे वर्णन करत नाही, तर उंचावरच्या काचा पुसण्याचे काम ज्या सफाई व्यवसायात आहे त्या व्यवसायाचे करते. म्हणजे ‘वर्षातून एकदा एका ग्राहकाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काचा करून देऊ’ असे म्हणून घेतलेले छोटे काम त्या एका दिवसाच्या पगारापुरते मर्यादित राहीलच, असे गृहीत धरू नये. असे काम घेण्यापूर्वी विमा कंपनीला ई-मेलने विचारावे : काम कोणत्या उंचीवर आहे, कामगार जमिनीवर उभा राहून लांब दांड्याने काच पुसणार आहे की शिडी, परांची किंवा लिफ्ट वापरणार आहे, आणि त्याचा आपल्या पूर्ण पगारपत्रकाच्या कोडावर काय परिणाम होईल. उत्तर लेखी मिळेपर्यंत काम स्वीकारू नये. अनेक जाणते व्यावसायिक असे काम स्वतः न करता, ज्याचा स्वतःचा विमा आहे अशा काच सफाईवाल्याकडे ते सोपवतात. हा मार्ग मला अधिक सुरक्षित वाटतो, पैशांच्या दृष्टीने आणि माणसांच्या दृष्टीनेही. उंचावरून पडलेल्या माणसाचे नुकसान कोणत्याही पॉलिसीने भरून निघत नाही.

०९१७ हा कंत्राटदाराने घरांच्या आतल्या भागाची सफाई करण्याचा कोड आहे. दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला दोन-तीन जणींचा गट घरोघरी पाठवणारी ‘मेड सर्व्हिस’ यात येते. याच्याशी मिळतेजुळते दिसणारे ०९०८ आणि ०९१३ हे कोड मात्र वेगळे आहेत. एखाद्या कुटुंबाने स्वतःच्या घरी थेट नेमलेल्या अर्धवेळ आणि पूर्णवेळ घरकामगारांसाठी ते असतात आणि त्यांचा प्रीमियम पगारावर नसून माणशी आकारला जातो. सफाईची कंपनी चालवणाऱ्याने आपल्या अर्जात ते येऊ देऊ नयेत.

काही व्यवसाय घरे आणि ऑफिसे दोन्ही करतात. सोमवार ते शुक्रवार रात्री ऑफिस आणि शनिवारी घरे असा एकाच कामगाराचा आठवडा असू शकतो. त्याचा पगार दोन कोडांत विभागायचा असेल तर प्रत्यक्ष तासांची नोंद लागते. ‘साधारण ७० टक्के ऑफिस, ३० टक्के घरे’ असा अंदाज चालत नाही. नोंद नसेल तर त्या कामगाराचा पूर्ण पगार, त्याने ज्या ज्या कोडातले काम केले त्यांपैकी सर्वांत महाग कोडात टाकण्याचा नियम आहे. त्यामुळे हजेरीपत्रकात तारीख, कामाची जागा, कामाचा प्रकार, सुरुवातीची आणि शेवटची वेळ असे रकाने पहिल्या दिवसापासून ठेवावेत. फोनवरचे हजेरीचे ॲप वापरत असाल तर त्यात प्रत्येक कामाच्या जागेला प्रकार जोडून ठेवावा, म्हणजे वर्षाअखेरीस जुनी पाने उलटत बसावे लागत नाही.

बाकीच्या कामांबद्दल थोडक्यात सांगायचे तर बांधकाम चालू असताना राडारोडा उचलणे, बर्फ काढणे, बागकाम, रंगकाम आणि आगीच्या किंवा पाण्याच्या नुकसानीनंतरची दुरुस्ती यांना ‘सफाईच आहे’ म्हणून ९०१४ मध्ये ढकलू नये. बांधकामाच्या जागी राडारोडा काढणाऱ्यांसाठी ५६१० हा बांधकाम गटातला वेगळा कोड आहे, आणि बागकामासाठी ००४२. असे प्रत्येक काम अर्जावर वेगळे दाखवावे.

चौथी पायरी : ऑफिसातली माणसे, विक्रेते, सुपरवायझर आणि मालक

कारकुनी कामासाठी ८८१० आणि बाहेर फिरून विक्री करणाऱ्यांसाठी ८७४२ हे कोड जवळपास प्रत्येक व्यवसायाला मिळू शकतात आणि त्यांचे दर सफाईच्या दराच्या मानाने फारच कमी असतात. म्हणूनच त्यांच्या अटी कडक आहेत. ८८१० मध्ये जाणाऱ्या व्यक्तीचे काम केवळ कारकुनी असावे आणि तिची बसण्याची जागा प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणापासून वेगळी केलेली असावी. घरून कारकुनी काम करणाऱ्यांसाठी ८८७१ हा कोड आहे. दिवसभर बिले करणारी आणि संध्याकाळी कामगार कमी पडला म्हणून स्वतः एका दवाखान्याची सफाई करून येणारी व्यक्ती ८८१० मध्ये राहू शकत नाही. कुटुंबाच्या व्यवसायात असे नेहमी घडते, म्हणून हे मुद्दाम सांगत आहे.

सुपरवायझरबद्दलही गैरसमज असतो. तो स्वतः मॉप धरत नाही, फक्त इमारती तपासतो, म्हणून त्याला विक्रेता किंवा कारकून दाखवण्याचा मोह होतो. पण कामावर देखरेख करणारा माणूस त्या कामाच्याच कोडात जातो. ८७४२ मध्ये नवी कामे आणण्यासाठी ग्राहकांना भेटणारा आणि दर देणारा माणूस बसतो. तोच माणूस रात्री गटांवर देखरेख करत असेल, तर तो त्या कोडात बसत नाही.

मालकाच्या बाबतीत नियम व्यवसायाच्या स्वरूपाप्रमाणे बदलतात. एकट्याच्या मालकीचा व्यवसाय किंवा भागीदारी असेल, तर मालक सहसा विम्याबाहेर असतो आणि त्याला हवे असल्यास आत येता येते. कॉर्पोरेशनचे अधिकारी उलट सहसा विम्यात असतात आणि राज्याच्या नियमांत बसत असेल तर अर्ज करून बाहेर पडू शकतात. एलएलसीच्या (मर्यादित दायित्वाच्या कंपनीच्या) सदस्यांबाबत राज्यागणिक फरक आहे. विम्यात राहणाऱ्या मालकाचा पगार प्रीमियमसाठी राज्याने ठरवलेल्या किमान आणि कमाल मर्यादेत धरला जातो. माझा सल्ला असा की जो मालक स्वतः शिडीवर चढतो किंवा जड यंत्र उचलतो, त्याने प्रीमियम वाचवण्यासाठी स्वतःला वगळण्यापूर्वी आपला आरोग्यविमा कामावरची इजा भरून देतो का, ते वाचून पाहावे, कारण अनेक आरोग्य पॉलिसी अशा इजांना नकार देतात.

पाचवी पायरी : प्रीमियमचे गणित मांडून पाहणे

सूत्र साधे आहे. वार्षिक पगाराला १०० ने भागायचे, कोडाच्या दराने गुणायचे आणि मग अनुभव गुणकाने, म्हणजे मागच्या दाव्यांवरून ठरणाऱ्या ‘मॉड’ने, गुणायचे. नव्या व्यवसायाला अनुभव गुणक लागू नसतो, म्हणून तो १.०० समजावा. त्यानंतर सवलती आणि काही ठरावीक आकार येतात.

केवळ समजण्यासाठी काही दर गृहीत धरू. खरे दर राज्य, वर्ष आणि कंपनी यांनुसार बदलतात. सफाई कामगारांचा वार्षिक पगार २,४०,००० डॉलर आणि ऑफिसातील एका व्यक्तीचा ४०,००० डॉलर आहे. ९०१४ चा दर ४.०० डॉलर आणि ८८१० चा ०.२० डॉलर धरला, तर सफाईचे ९,६०० आणि ऑफिसचे ८० मिळून प्रीमियम ९,६८० डॉलर होतो. आता वर्षात उंचावरच्या काचांचे काम घेतल्यामुळे सफाईचा सगळा पगार ९१७० मध्ये गेला आणि त्याचा दर ६.५० डॉलर असला, तर सफाईचाच प्रीमियम १५,६०० डॉलर होतो. म्हणजे ६,००० डॉलरची वाढ झाली. त्या काचांच्या कामातून वर्षाला यापेक्षा कमी नफा होत असेल, तर ते काम खिशातून पैसे घालून केल्यासारखे आहे. ग्राहकाला दर देण्याआधी हे गणित कागदावर करावे.

पगारात काय धरायचे, हेही पाहावे. मजुरी, बोनस, कमिशन, सुट्टीचा आणि आजारपणाचा पगार धरला जातो. ग्राहकाने दिलेली टिप आणि पावत्यांसह परत केलेला खर्च धरला जात नाही. जादा तासांच्या बाबतीत बहुतेक राज्यांत एक सवलत आहे, जी नोंदी नीट नसल्याने अनेक छोटे व्यावसायिक गमावतात. तासाला १८ डॉलर घेणाऱ्या कामगाराने १० जादा तास केले, तर त्याला दीडपट दराने २७० डॉलर मिळतात. त्यांपैकी जादा दराचा भाग, म्हणजे ९० डॉलर, प्रीमियमच्या हिशेबातून वगळता येतो आणि फक्त १८० डॉलर धरले जातात. अट एवढीच की पगाराच्या नोंदीत जादा तास आणि त्यांचा दर वेगळा दिसला पाहिजे. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात ही सवलत मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे.

सहावी पायरी : सबकॉन्ट्रॅक्टर आणि ‘१०९९’वाले

साफसफाईच्या धंद्यात ऑडिटचे सर्वांत कटू वाद इथेच होतात. कामगाराला पगारावर न घेता १०९९ (बाहेरच्या कंत्राटदाराला दिलेल्या रकमेचा कराचा फॉर्म) देऊन ‘स्वतंत्र कंत्राटदार’ म्हटले की विमा लागत नाही, हा समज चुकीचा आणि महागात पडणारा आहे. कॅलिफोर्नियात वर्कर्स कॉम्पसाठी १ जुलै २०२० पासून ज्याला ‘एबीसी कसोटी’ म्हणतात ती, म्हणजे माणूस खरोखर स्वतंत्र कंत्राटदार आहे का हे ठरवणारी तीन प्रश्नांची कसोटी, लागू आहे. त्यातला एक प्रश्न असा असतो की हा माणूस आपल्या नेहमीच्या व्यवसायापेक्षा वेगळे काम करतो का. सफाईच्या कंपनीसाठी सफाई करणारा माणूस या प्रश्नावर बहुधा अडतो.

खरोखर स्वतंत्र असलेल्या सबकॉन्ट्रॅक्टरकडून काम करून घेताना त्याच्या वर्कर्स कॉम्प विम्याचे सर्टिफिकेट काम सुरू होण्यापूर्वी घ्यावे आणि त्यावरच्या तारखा आपल्या कामाचा पूर्ण काळ व्यापतात का, ते पाहावे. सर्टिफिकेट फक्त सार्वजनिक दायित्वाच्या विम्याचे असेल तर ते इथे उपयोगाचे नाही. सर्टिफिकेट नसेल, तर ऑडिटर त्याला दिलेली रक्कम आपल्याच पगारपत्रकात धरून प्रीमियम लावतो, आणि तो माणूस पडला तर त्याचा दावाही आपल्याच पॉलिसीवर येतो. फ्रँचायझी घेऊन काम करणाऱ्यांनी तर करारावर सही करण्यापूर्वी विमा कोणाच्या नावावर आणि कोणत्या कोडाखाली असेल, हा प्रश्न लेखी विचारावा.

सातवी पायरी : अर्ज आणि पॉलिसीचे पहिले पान

बहुतेक ठिकाणी एकॉर्ड १३० हा अर्ज भरला जातो. एजंटाने भरलेला अर्ज सही करण्याआधी स्वतः वाचावा, विशेषतः कामाच्या वर्णनाचा भाग आणि ‘१५ फुटांपेक्षा जास्त उंचीवर काम होते का’ यासारखे हो-नाहीचे प्रश्न. नव्या व्यवसायाला खुल्या बाजारात कंपनी मिळाली नाही, तर राज्याच्या ‘असाइन्ड रिस्क’ योजनेतून विमा मिळतो. तो महाग असतो, पण पुढील वर्षी स्वच्छ इतिहास दाखवून बाहेर पडता येते. दर पगाराबरोबर प्रीमियम भरण्याची सोय मिळत असेल तर ती घ्यावी, म्हणजे वर्षाअखेरचा फरक लहान राहतो.

पॉलिसी आल्यावर ‘इन्फर्मेशन पेज’ उघडावे. त्यातल्या ३.ए या रकान्यात ज्या राज्यांत विमा लागू आहे त्यांची नावे असतात. न्यू जर्सीत ऑफिस असलेल्या व्यावसायिकाचा गट रोज रात्री न्यूयॉर्कमधील इमारतीत जात असेल, तर न्यूयॉर्कचे नाव ३.ए मध्येच हवे. शेजारच्या ३.सी या ‘इतर राज्ये’ रकान्यावर भिस्त ठेवू नये. मग चौथ्या भागात यावे. तिथे प्रत्येक ओळीत कोड, कामाचे वर्णन, अंदाजित वार्षिक पगार, दर १०० डॉलरमागचा दर आणि प्रीमियम असतो. आपण दुसऱ्या पायरीत लिहिलेले पान शेजारी ठेवून ओळीमागून ओळ ताडून पाहावी. फरक दिसला तर त्याच आठवड्यात एजंटाला लिहावे.

कॅलिफोर्नियात आणखी दोन गोष्टी आहेत. जॅनिटोरियल मालकांना १ जुलै २०१८ पासून लेबर कमिशनरकडे दरवर्षी नोंदणी करावी लागते. शिवाय सफाईच्या करारात रक्कम पुरेशी असली पाहिजे असा तिथला कायदा आहे, आणि करारात लिहावयाच्या बाबींत वर्कर्स कॉम्प पॉलिसीचा क्रमांक आणि विमा कंपनीचे नाव-पत्ता यांचाही समावेश आहे.

आठवी पायरी : ऑडिटची तयारी

पॉलिसी सुरू होताना भरलेला प्रीमियम अंदाजावर असतो. मुदत संपल्यावर ऑडिटर प्रत्यक्ष पगार पाहून अंतिम रक्कम ठरवतो. तो पगाराची नोंदवही, तिमाही ९४१ फॉर्म (पगारावरील केंद्रीय करांचे विवरण), राज्याला दिलेले पगाराचे अहवाल, १०९९, सबकॉन्ट्रॅक्टरची सर्टिफिकेटे आणि खर्चाची खातेवही मागतो. हे सगळे वर्षभर एकाच फोल्डरमध्ये ठेवत जावे. ऑडिटरशी बोलायला कामाची खरी माहिती असलेली व्यक्ती बसवावी. कर भरण्यापुरते कागद पाहणारा हिशेबनीस ‘हो, काचाही पुसतात’ असे सहज बोलून जातो, आणि त्या काचा फक्त दर्शनी दरवाजाच्या होत्या हे सांगायला तिथे कोणी नसते.

ऑडिटकडे दुर्लक्ष करणे सर्वांत वाईट. अनेक राज्यांत सहकार्य न करणाऱ्या मालकावर अंदाजित प्रीमियमच्या दुपटीपर्यंत अतिरिक्त आकार लावण्याची तरतूद पॉलिसीतच असते.

नववी पायरी : कोड मान्य नसेल तर

प्रथम ऑडिटची वर्कशीट मागावी आणि नेमका कोणाचा पगार कुठल्या कोडात टाकला, ते पाहावे. मग हरकत विमा कंपनीकडे लेखी नोंदवावी. हरकतीत भावना नको, कागद हवेत : करारातील कामाची यादी, हजेरीपत्रके, यंत्रांची यादी, फोटो. वाद मिटेपर्यंत ज्या रकमेबद्दल वाद नाही ती भरत राहावी. कंपनीशी जमले नाही, तर एनसीसीआयची किंवा राज्याच्या ब्युरोची तंटानिवारण प्रक्रिया आहे. ब्युरोकडून प्रत्यक्ष पाहणीही मागवता येते.

चुकीचा कोड दुरुस्त करण्याच्या तारखांबाबत एनसीसीआयचा मूळ नियम मालकाला बराच न्याय देणारा आहे. दुरुस्तीमुळे प्रीमियम कमी होत असेल, तर ती पॉलिसीच्या पहिल्या दिवसापासून लागू होते. प्रीमियम वाढत असेल, तर पहिल्या १२० दिवसांत केलेली दुरुस्ती पहिल्या दिवसापासून लागू होते, त्यानंतर पण शेवटच्या ९० दिवसांपूर्वी केलेली दुरुस्ती चूक लक्षात आल्याच्या तारखेपासून लागू होते, आणि शेवटच्या ९० दिवसांतली फक्त पुढच्या नूतनीकरणाला लागू होते. काही राज्यांनी यात बदल केले आहेत, म्हणून आपल्या राज्याची नियमावली विचारून घ्यावी. मात्र हे संरक्षण कंपनीच्या वर्गीकरणातल्या चुकीसाठी आहे. आपणच मधल्या काळात नवे काम सुरू केले असेल, तर त्या कामाच्या तारखेपासून नवा कोड लागू शकतो.

दावे आणि अनुभव गुणक

व्यवसाय वाढून प्रीमियम राज्याने ठरवलेल्या पातळीवर पोहोचला की अनुभव गुणक सुरू होतो. त्यात सर्वांत अलीकडचे एक वर्ष सोडून त्याआधीच्या तीन वर्षांचे दावे आपल्याच कोडातल्या सरासरी व्यवसायाशी ताडले जातात. म्हणजे कोड चुकीचा असेल तर तुलनाही चुकीच्या माणसांशी होते.

या भीतीने काही मालक छोट्या इजा दडवतात आणि कामगाराला रोख पैसे देऊन डॉक्टरकडे पाठवतात. असे कधीही करू नये. बहुतेक एनसीसीआय राज्यांत फक्त वैद्यकीय खर्चाचा दावा गुणकाच्या हिशेबात ७० टक्क्यांनी कमी करून धरला जातो, त्यामुळे लगेच कळवलेली छोटी इजा गुणकाला फारशी जड जात नाही. दडवलेली कंबरदुखी मात्र तीन महिन्यांनी शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकते, आणि तेव्हा उशिरा कळवल्याचा प्रश्न उभा राहतो. रात्री दोन वाजता रिकाम्या इमारतीत एकट्याने काम करणाऱ्या माणसाला, बहुधा आपल्यासारख्याच परदेशातून आलेल्या माणसाला, हा विमा हक्काने मिळतो, ती मालकाची मेहेरबानी नव्हे. म्हणून कामावर घेतानाच त्याला समजेल अशा भाषेत सांगावे की इजा झाल्यास कोणाला फोन करायचा आणि कुठल्या दवाखान्यात जायचे. ओल्या लादीवर फलक ठेवणे, कचऱ्याच्या पिशव्या हाताने न दाबणे (दवाखान्याच्या कचऱ्यात सुई असू शकते), ब्लीच आणि अमोनिया असलेली द्रावणे कधीही एकत्र न करणे, या तीन सूचना पहिल्या दिवशीच द्याव्यात आणि दिल्याची सही घ्यावी. विमा कंपनी नूतनीकरणाच्या वेळी दरात सवलत देताना अशा लेखी प्रशिक्षणाची नोंद विचारात घेऊ शकते, म्हणून त्या सह्यांचे कागद ऑडिटच्या फोल्डरमध्येच लावून ठेवावेत आणि नूतनीकरणाच्या दोन-तीन महिने आधी एजंटाकडे पाठवावेत.